डोंगरावरील रान आणि मळ्यातील विहीर

खानदेशातील शेतकऱ्यास त्याच्या पाण्याची स्थिती विचारली असता तो प्रथम विहिरीची खोली सांगतो. आजोबांच्या वेळी पाणी चार-पाच परसांवर होते, वडिलांच्या वेळी ते दुप्पट खाली गेले, आता विहीर कोरडीच असते आणि तिच्या शेजारी घेतलेल्या बोअरवर बाग उभी आहे, अशी हकीकत रावेर-यावलकडे घरोघरी ऐकावयास मिळते. हकीकत खरी आहे, परंतु ती अर्धी आहे. विहीर हे पाणी काढण्याचे ठिकाण होय. पाणी येण्याचे ठिकाण ते नव्हे. विहिरीत उतरणारे पाणी हे कोठे तरी वरच्या अंगास, दोन-चार कोसांवर, बहुधा त्या शेतकऱ्याच्या मालकीच्या नसलेल्या एखाद्या उतारावर पूर्वी पडलेल्या पावसाचे असते. त्या उतारावर झाडझाडोरा आहे की उघडा मुरूम आहे, यावर विहिरीचे भवितव्य ठरते. विहीर खणताना शेतकरी पाणाड्याला विचारतो, कर्ज काढतो, नारळ फोडतो. पण ज्या डोंगराच्या जिवावर ती विहीर भरावयाची, तिकडे मान वळवून पाहत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचार केला आहे. त्यासाठी खानदेशातीलच तीन ठिकाणे घेतली आहेत: साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाचे एक आदिवासी गाव, धुळे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातील एक गवताळ गाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचा केळीचा मुलूख.

प्रदेशाची ठेवण

खानदेश म्हणजे तापीचे खोरे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहणारी ही नदी जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या मधून जाते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे व सातमाळ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्री. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या लांबून येऊन तापीस मिळतात; उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर, अरुणावती या आखूड व वेगवान नद्या सातपुड्यावरून उतरतात. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कागदावर सीमा बदलल्या. पाण्याचा उतार मात्र होता तसाच आहे.

सह्याद्रीची भिंत ओलांडून येताना मोसमी वाऱ्यातील बाष्प बरेचसे पलीकडेच उतरते. त्यामुळे धुळे शहराच्या आसपास वर्षाला पाचसहाशे मिलिमीटरच पाऊस होतो. जळगावकडे तो थोडा अधिक, सातशेच्या घरात जातो. हा पाऊस कमी आहे असे म्हणण्याची रीत आहे. परंतु हिशेब करून पाहावा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक हेक्टरवर साठ लाख लिटर. इतके पाणी जर कोणी टँकरने आणून ओतू लागला, तर त्या गावास ते पाहावणार नाही. म्हणजे पाणी पडत नाही ही तक्रार पुरती खरी नाही. पडलेले थांबत नाही, ही खरी तक्रार आहे. सहाशे मिलिमीटर पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. चार महिन्यांतील काही मोजक्या दिवसांत, त्यातही काही मोजक्या तासांत त्यातील बराचसा भाग कोसळतो. त्या तासांत जमीन तयार नसेल तर संपूर्ण वर्षाची मिळकत नाल्यातून निघून जाते.

उघड्या उतारावर काय घडते

पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळतो तेव्हा तो हातोडीसारखे काम करतो. मातीचे ढेकूळ फुटते, बारीक कण उसळतात आणि जमिनीच्या वरच्या थरातील सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतात. काही मिनिटांतच जमिनीवर एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. पाऊस उघडल्यावर शेतात जी खपली धरलेली दिसते ती हीच. या पापुद्र्यातून पाणी खाली मुरत नाही. ते उतारावरून वाहू लागते. प्रारंभी ते चादरीसारखे पसरून वाहते, नंतर लहान लहान ओघळ होतात, ओघळींच्या घळी होतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची गाळ व दगड वाहून नेण्याची शक्ती दुपटीने नव्हे, तर त्याहून कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच ज्या नाल्यातून एरवी लेकरेही उड्या मारीत जातात, तोच नाला एका रात्री बैलगाडीएवढे धोंडे शेतात आणून टाकतो.

एक हेक्टरावरील मातीचा केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर दहा घनमीटर, म्हणजे सुमारे बारा ते पंधरा टन माती गेली. डोळ्यांना हे दिसत नाही. वावर तेवढेच दिसते, बांधही तेथेच असतो. खडकापासून तेवढी माती नव्याने तयार होण्यास मात्र माणसाच्या एका आयुष्याहून अधिक काळ लागू शकतो.

रानाने झाकलेल्या उतारावर याच्या उलट घडते. थेंब प्रथम पानावर पडतो, तेथून फांदीवर, फांदीवरून गवतावर, गवतावरून पालापाचोळ्यावर. जमिनीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा जोर संपलेला असतो. पाचोळ्याखाली वाळवी, गांडुळे व असंख्य लहान किडे यांनी जमीन पोखरलेली असते. मेलेल्या मुळ्यांच्या जागी नळ्यांसारखी भोके राहिलेली असतात. त्या वाटांनी पाणी खाली उतरते. खानदेशच्या दक्षिण भागात खाली काळा पाषाण आहे. हा खडक अखंड नाही. एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतील काही थर सच्छिद्र व झिजलेले आहेत, काहींत फटी आहेत. पाणी या थरांतून व फटींतून सावकाश आडवे सरकत जाते. धुळे जिल्ह्यात तर जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले काळ्या दगडाचे लांबच लांब कणे जागोजागी दिसतात. या नैसर्गिक भिंती कोठे भूमिगत पाणी अडवतात, तर कोठे वाट देतात. ज्या गावात ओढ्याच्या एका काठच्या विहिरीस पाणी असते व दुसऱ्या काठची कोरडी पडते, तेथे दैवाला बोल लावण्यापूर्वी अशी एखादी भिंत मधून गेली आहे काय ते पाहावे.

रान पाऊस पाडते किंवा नाही याविषयी विद्वानांत वाद चालू राहोत. झाडे स्वतःही पाणी पितात, हेही खरे आहे. अनुपयुक्त झाडांची दाट लागवड केल्यास झरे आटू शकतात. परंतु उघड्या, खरवडलेल्या उतारापेक्षा गवत, झुडपे व स्थानिक वृक्ष यांनी मिश्र झाकलेला उतार पावसाचे पाणी अधिक मुरवतो व पूर कमी करतो, याबद्दल शेतकऱ्यास शंका बाळगण्याचे कारण नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन्ही उतारांवरून आलेले नाल्याचे पाणी दोन काचेच्या पेल्यांत भरून ठेवावे. एकात तळाशी चिखल बसेल, दुसरे नितळ राहील.

बारीपाडा

साक्री तालुक्याच्या पश्चिमेस, पिंपळनेरच्या पलीकडे सह्याद्रीच्या कुशीत बारीपाडा हे कोकणा समाजाचे एक छोटे गाव आहे. १९९० च्या सुमारास या गावाभोवतीचे डोंगर जवळजवळ उघडे झाले होते. सरपणासाठी, घरांसाठी व विक्रीसाठी तोड होत होती. पाऊस धुळ्याच्या मानाने अधिक असूनही उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बायांना दूरवर जावे लागे, आणि पिके उभी करता येत नसल्याने पुरुषमाणसे मजुरीसाठी बाहेर जात. डोंगर उघडा झाला की घरे रिकामी होतात, याचे हे उदाहरण होते.

याच गावातील चैत्राम पवार हे वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेतलेले तरुण. शिक्षणानंतर शहरातील नोकरीच्या मागे न लागता ते गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची त्यांना साथ मिळाली. गावाने बैठका घेतल्या, समिती निवडली, आणि आपल्या हद्दीलगतचे रान आपणच राखावयाचे असे ठरवले. कुऱ्हाड बंद झाली. तोड करताना सापडलेल्यास दंड आणि खबर देणाऱ्यास बक्षीस, असा नियम झाला. राखणीचे काम गावातील माणसांनीच वाटून घेतले. सरपणासाठी वाळलेले लाकूड केव्हा व किती आणावयाचे, याचेही नियम ठरले. आज सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे अकराशे एकर रान या गावाने राखले आहे. वर दिलेल्या हिशेबाने, केवळ सहाशे मिलिमीटर पाऊस धरला तरी, एवढ्या क्षेत्रावर वर्षाकाठी सुमारे २६७ कोटी लिटर पाणी पडते. त्यातील अल्पसा भाग जरी अधिक मुरू लागला, तरी एका पाड्याच्या विहिरींना ते उदंड होते. पूर्वी ज्या गावात पाणी नव्हते, त्या गावाने पुढे शेजारच्या गावांची तहान भागवली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. बारीपाड्यातील रान हे मुख्यतः नवीन रोपे लावून उभे राहिलेले नाही. ते राखल्यामुळे उभे राहिले. तोडलेल्या सागाचे, धावड्याचे, टेंभुर्णीचे, पळसाचे बुंधे वरून मेल्यासारखे दिसले तरी खाली मुळे जिवंत असतात. दरवर्षी त्यांना फुटवे येतात. दरवर्षी ते कोणी तरी तोडते किंवा गुरे-शेळ्या खातात. दोन-तीन वर्षे हे दोन्ही थांबले, की अनेक वर्षांच्या जुन्या मुळांचे सर्व बळ त्या फुटव्यात येते आणि तो नव्याने लावलेल्या रोपाला मागे टाकून वर जातो. शिवाय बी पेरण्याचे काम पाखरे करतात. बुलबुल व इतर फळे खाणारे पक्षी झुडपांच्या बिया टाकतात; मोहाचे बी वटवाघळे दूर नेतात. ही मजुरी कोणास द्यावी लागत नाही. खड्डे खणून, दूरवरून रोपे आणून, पाणी घालून लावलेली झाडे मरत असताना शेजारच्या जिवंत बुंध्यांवर कुऱ्हाड चालू ठेवणे, हा खर्चाचा विपरीत प्रकार आहे. आणि तो पुष्कळ ठिकाणी चालतो.

रानाला कुऱ्हाडीहूनही वणव्याचे भय अधिक असते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे. तो विस्तव वाऱ्याबरोबर डोंगर चढतो आणि पाचोळा, कोवळे फुटवे, गवताचे बी, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी, सारे एका दुपारी संपते. मोहाखालची जागा झाडून काढल्यास जाळण्याची गरज राहत नाही. रानाच्या कडेने पाचसहा हात रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी ठेवावी. माघ संपण्यापूर्वी हे काम व्हावे.

बारीपाड्याच्या प्रयत्नास २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२५ मध्ये भारत सरकारने चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर केली. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी आल्यावर गावाने केलेली शेती. भातासाठी चारसूत्री पद्धत घेतली गेली. इंद्रायणीसारखा चांगला भाव मिळणारा वाण आला. पाणी आले म्हणजे आपोआप सुबत्ता येते असे नाही. ते कोणत्या पिकास द्यावयाचे, याचाही विचार व्हावा लागतो.

रानातील भाजीपाला

२००४ पासून बारीपाड्यात पावसाळ्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. आसपासच्या पाड्यांतील बाया आपल्या हाताने रांधलेल्या रानभाज्या मांडतात. बाहेरच्या पाहुण्यास हा कौतुकाचा कार्यक्रम वाटेल. परंतु त्यामागे मोठे ज्ञान आहे. टाकळा, कुर्डू, केना, करटुली, शेवळे, बांबूचे कोंब या भाज्या कोणीही पेरीत नाही. मृगाच्या सरी पडल्यानंतर पेरणीचे दिवस येतात, घरातील धान्याच्या कणग्या तळाला लागलेल्या असतात आणि मळ्यातील भाजी अद्याप निघावयाची असते. नेमक्या त्या पोटाच्या अडचणीच्या दिवसांत रान ही ताटे भरते. कोणती भाजी कोवळी असतानाच घ्यावी, कोणत्या भाजीचे पहिले पाणी टाकून द्यावे, शेवळ्यासारख्या भाजीची खाज आंबट घालून कशी मारावी, हे कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. सासू सुनेस सांगते. रान गेले की भाजी जाते, आणि भाजी गेल्यावर एका पिढीत हे ज्ञानही जाते. नंतर रान पुन्हा उभे केले तरी त्यातील खावे काय, हे सांगणारे कोणी उरत नाही. बांधावरील सर्वच हिरवळीवर तणनाशक मारणाऱ्या शेतकऱ्याने निदान एकदा आपल्या घरातील वृद्ध बाईस बांधावर नेऊन, यातील खाण्याचे काय आहे, ते विचारावे.

लामकानीचे गवत

बारीपाड्याला सह्याद्रीचा पाऊस आहे. आम्हास कोठे आहे, असा आक्षेप कोरड्या पट्ट्यातील शेतकरी घेतील. त्यांच्यासाठी धुळे जिल्ह्यातीलच लामकानी या गावाचे उदाहरण आहे. येथे पाऊस अल्प व बेभरवशाचा. गावालगतच्या टेकड्यांवर दाट वन होण्यासारखी स्थिती नाही. अशा ठिकाणी निसर्गाने योजलेले आच्छादन म्हणजे गवत. २००० च्या सुमारास धुळ्याचे डॉक्टर धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने या गावाने टेकड्यांवर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली. उताराला आडवे समतल चर खोदले गेले. काही वर्षांत टेकड्यांवर गवत उभे राहिले आणि त्याबरोबर पाणीही थांबू लागले.

कुरणाचा ऱ्हास कसा होतो व ते कसे सुधारते, हे गवताच्या जातीवरून ओळखता येते. चांगल्या कुरणात पवना, मारवेल अशी बहुवर्षायू, रसाळ, जनावरांस आवडणारी गवते असतात. सतत चराई झाली की जनावरे हीच प्रथम खातात. त्यांना बी धरण्यास सवड मिळत नाही. त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व तोंडात रुततात. चराई त्यानंतरही चालू राहिली तर कुसळीही जाते, टाकळा व काटेरी तण उरतात आणि शेवटी मुरूम उघडा पडतो. टेकडी बंद केल्यावर याच पायऱ्या उलट क्रमाने चढाव्या लागतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी सगळीकडे कुसळीच दिसली, तर शेतकऱ्यांनी निराश होऊ नये. ती सुधारणेची खूण आहे. चांगल्या गवताचे बी जवळपास शिल्लक असेल तर ते पुढे आपली जागा घेते. नसेल तर ते आणून चरांच्या मातीवर टाकावे.

परंतु चराईबंदी हा शब्द उच्चारणे जितके सोपे, तितकी ती अमलात आणणे सोपे नाही. गावात ज्याच्याकडे बागायत आहे, त्याला बंदीने काही बिघडत नाही. त्याच्या विहिरीस लाभच होतो. ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या हीच ज्याची मिळकत, त्याच्या दारची शेळी मात्र दुसऱ्या दिवशी उपाशी राहते. धुळे जिल्ह्यात ठेलारी मेंढपाळांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. त्यांचा प्रश्नही येथेच उभा राहतो. लाभ एकास आणि झीज दुसऱ्यास, अशी बंदी फार दिवस टिकत नाही. रात्री कोणी तरी कुंपण मोडतो, आणि मग गावात तंटा होतो. म्हणून जेथे टेकडी एकदम बंद न करता तिचे तीन-चार भाग करून पाळीपाळीने बंद केले जातात, आणि बंद भागातील गवत बी झडल्यानंतर विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांस दिला जातो, तेथे काम टिकण्याचा संभव अधिक. कापून आणलेल्या गवतावर जनावर पोसताना शेणही गोठ्यातच मिळते, हा वेगळा लाभ. या वाटणीचा निर्णय प्रथम व्हावा, चर त्यानंतर खणावेत.

खानदेशास अशी वाटणी नवीन नाही. पांझरेच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीने पाणी वाटले जात आले आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि वर्षागणिक फडांची पाळी बदलावयाची. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी फडच कमी भिजवला जाई. त्याची झळ सर्वांस सारखी लागे. १८८४ साली सरकारी नोकरीत येऊन प्रथम नाशिक व धुळे भागात काम केलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ही पद्धत जवळून पाहिली होती, आणि पुढे दक्षिणेतील कालव्यांसाठी त्यांनी सुचवलेल्या गटवार पाणीवाटपात तिचा धागा दिसतो. वरच्या अंगास धरणे झाली, काठाकाठाने विहिरी व पंप आले, नदीचा उन्हाळी प्रवाह आटला, तसे बहुतेक फड मोडकळीस आले. बंधाऱ्याचे दगड शेकडो वर्षे जागचे हलले नव्हते. पाण्याविना मात्र तेही निरुपयोगी ठरले.

सातपुड्याचा पायथा व केळी

आता जळगाव जिल्ह्याकडे वळावे. रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी धोंडे, गोटे, रेती व वाळू यांचा खोल थर असलेली एक पट्टी डोंगराला समांतर गेली आहे. सातपुड्यातून वेगाने उतरणाऱ्या नद्यांनी लक्षावधी वर्षांत हा भराव आणून टाकला. या पट्टीत आल्यावर ओढ्यांचे पाणी वाहता वाहता दिसेनासे होते. पाणी नाहीसे होत नाही; ते गोट्यांतून खाली उतरून तापीच्या गाळाच्या मैदानाकडे सरकते. खानदेशच्या केळीचा सर्व डोलारा या अदृश्य पाण्यावर उभा राहिला. निसर्गाने दिलेले हे एक प्रचंड तळे आहे. त्यातील पाण्याची वाफ होत नाही, त्यात जमीन बुडत नाही. मात्र ते भरण्याचे दार डोंगराच्या पायथ्याला आहे, आणि उपसा खाली मैदानात होतो.

केळीच्या एका पिकास सुमारे १८०० ते २२०० मिलिमीटर पाणी लागते. पाऊस सातशे मिलिमीटर, त्यातीलही काही भाग वाहून जातो. म्हणजे हजार-बाराशे मिलिमीटर पाणी जमिनीखालूनच काढावे लागणार. समजण्यापुरते असे धरू की, सातशेपैकी शंभर मिलिमीटर पाऊस खोल मुरून भूजलास मिळतो. तर एक हेक्टर केळीसाठी सुमारे बारा हेक्टर जमिनीवर मुरलेले पाणी खर्ची पडते. आपल्या एका हेक्टरामागची बाकीची अकरा हेक्टरे कोठे आहेत, हा प्रश्न प्रत्येक बागाईतदाराने स्वतःस विचारण्यासारखा आहे. त्यातील काही शेजाऱ्याच्या कोरडवाहू वावरात आहेत, काही यावल अभयारण्याच्या सागवानी व अंजनाच्या रानात आहेत, आणि काही केवळ कागदावरच आहेत. तेवढे पाणी मागील शतकांच्या साठ्यातून काढले जात आहे. भूजलाच्या शासकीय मूल्यांकनांत रावेर व यावल हे तालुके अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले आहेत, त्याचा अर्थ हाच.

ठिबक सिंचनाचा प्रसार जळगाव जिल्ह्यात लवकर झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याने प्रत्येक झाडामागे लागणारे पाणी खात्रीने वाचते. परंतु वाचलेल्या पाण्यावर बागेचे क्षेत्र तेवढेच वाढवले, तर जमिनीखालच्या साठ्याच्या दृष्टीने काहीच वाचले नाही. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन ज्या मातीचे व ज्या पाण्याचे आहे, ते पाणी संपल्यास मानांकनाच्या कागदावर केळी पिकणार नाहीत.

पायथ्याच्या पट्टीत तापीच्या पुराचे पाणी कालव्यांनी आणून मुरवावे, अशी योजना अनेक वर्षे चर्चेत होती; १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून त्यांवर बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधल्या गेल्या, आणि त्या भागातील विहिरींना त्याचा लाभ झाला. अशी कामे उपयुक्त आहेत, पण त्यांचे आयुष्य वरच्या उतारावर अवलंबून असते. उतार उघडा असेल तर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच बारीक गाळ येऊन खोदलेल्या नाल्याचा तळ लिंपून टाकतो, आणि कुंभाराने मडके सारवावे तसे ते पात्र पाणी मुरवेनासे होते. मुरवण तलावातील गाळ दर उन्हाळ्यात काढणे भाग असते. डोंगर झाकलेला असेल तेथे हे काम काही वर्षांतून एकदा पुरते.

गावाने आरंभ करताना

१८७८ च्या वन कायद्यानंतर खानदेशातील पुष्कळ रान राखीव झाले, आणि रान सरकारचे, आपले नव्हे, ही भावना गावोगावी रुजली. आज कायद्याची स्थिती तशी राहिलेली नाही. जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकानंतर महाराष्ट्राने मार्च १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय घेतला. त्यानुसार गावाची समिती व वन खाते मिळून रान राखू शकतात. २००६ च्या वन हक्क कायद्याने तर परंपरेने वापरात असलेले सामूहिक वन राखण्याचा, वाढविण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क पात्र ग्रामसभांस दिला आहे. आपले गाव यांपैकी कोणत्या तरतुदीत बसते, याची चौकशी वनपाल व तालुका कार्यालयाकडे करावी आणि ठराव ग्रामसभेतच व्हावा; चार पुढाऱ्यांच्या ओसरीवर होऊ नये. बायांनी सभेस असणे अगत्याचे आहे, कारण सरपण व पाणी त्याच आणतात. सरपणाची पर्यायी सोय केल्यावाचून कुऱ्हाडबंदीचा ठराव करणे म्हणजे चुलीवर बंदी घालणे होय. सुधारलेल्या चुली, गोबर गॅस आणि वाळल्या लाकडाची ठरलेली पाळी ही सोय आधी करावी.

कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे असावा. माथ्यावर राखण व गवत, मधल्या उतारावर समतल चर व दगडी बांध, ओघळींत लहान लहान आडवे बांध, आणि सर्वांत शेवटी खाली नाल्यावरील बंधारा. प्रत्यक्षात बहुधा उलट होते, कारण बंधारा दिसतो आणि गवत दिसत नाही. पहिल्या वर्षी संपूर्ण डोंगर हाती घेऊ नये. गावकऱ्यांना रोज येता-जाता दिसेल असा, राखण्यास सोपा, दहा-वीस हेक्टरांचा तुकडा निवडावा, आणि त्यालगत तेवढाच तुकडा जसा आहे तसा ठेवावा. दोन पावसाळ्यांनंतर दोहोंतील फरक सभेस भाषणावाचून समजतो.

या जोडीस विहिरींची मोजणी सुरू करावी. गावातील डोंगराकडील, मधल्या व नदीकडील अशा पाच-सहा विहिरी निवडाव्यात. दोरीस दगड बांधून, काठावर रंगाने खूण केलेल्या एकाच जागेवरून पाण्याच्या पातळीची खोली मोजावी व शाळेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावी. पंप चालू असताना मोजू नये. पहाटे, पाणी स्थिर असताना मोजावे. पहिले माप ऑक्टोबरमध्ये, पावसाळा उलटल्यावर, पुढची जानेवारीत व मार्चमध्ये, आणि शेवटचे मेच्या अखेरीस घ्यावे. जवळच्या पर्जन्यमापकावरील पावसाचे आकडे त्याच वहीत शेजारच्या रकान्यात भरावेत. ही वही शाळेतील मोठ्या मुलांच्या हाती दिल्यास ती बिनचूक ठेवली जाते, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे.